न चालवताच सापडणारी चूक

वेबसाइटवरच्या चौकटीत कोड टाइप करावा आणि ‘रन’चं बटण दाबण्याआधीच एखाद्या ओळीखाली लाल रेघ उमटावी, हे आता सवयीचं झालंय. त्या वेळी पडद्याआड एक प्रोग्रॅम तुमचा मजकूर कंपायलरपुढे किंवा पार्सरपुढे ठेवून चुका विचारून घेत असतो.

पूर्वी हा द्राविडी प्राणायाम होता. मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचा, कंपायलर वेगळा चालवायचा आणि त्याने ओतलेल्या इंग्रजी तक्रारींतून ओळीचा क्रमांक हुडकायचा. तक्रारीचे शब्द बदलले की हुडकणारा कोड गडगडलाच! डिसेंबर २००६ मध्ये आलेल्या जावा ६ ने जावापुरती ही कटकट संपवली. मजकूर थेट मेमरीतून कंपायलरला द्यायचा. प्रत्येक चुकीची ओळ, स्तंभ, संदेश आणि ती खरी चूक की नुसता इशारा, हे सुटं सुटं हाती येतं. मेख एकच: संगणकावर फक्त जावा चालवण्यापुरती सामग्री असेल, तर कंपायलर मागितल्यावर ‘नल’, म्हणजे काहीच नाही, असं उत्तर मिळतं. प्रोग्रॅमरच्या मशीनवर सगळं सुरळीत आणि ग्राहकाकडे बोंब, ती यामुळेच.

पायथनमध्ये ‘कंपाइल’ हे फंक्शन मुळातच आहे. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीतही चालतात. ‘कंपाइल’ला ही ओळ देऊन पाहा:

बेरीज = (पहिली + दुसरी

कंस उघडा राहिलाय. जुन्या आवृत्त्या अशा वेळी मजकूर अचानक संपल्याचं सांगत किंवा पुढच्या निर्दोष ओळीवर खापर फोडत. २०२१ च्या पायथन ३.१० पासून उघड्या कंसावरच बोट ठेवलं जातं. नवशिक्यांसाठी ही सुधारणा मला मोठमोठ्या नव्या सोयींपेक्षा मोलाची वाटते.

कंस मिटवला की पायथनची तक्रार संपते, मग ‘दुसरी’ला कुठेही किंमत दिलेली नसली तरी. ती चूक कोड चालल्यावरच उघडी पडते. जावाचा कंपायलर मात्र जाहीर न केलेलं नाव तिथल्या तिथे अडवतो. म्हणजे ‘एरर नाही’ या उत्तराचं वजन भाषेगणिक बदलतं.

शिवाय, नुसती तपासणी म्हणून ती निर्धोक ठरत नाही. अवाढव्य, एकात एक गुंतलेला मजकूर दिला तर खुद्द पायथनचा इंटरप्रिटर कोसळू शकतो, असा इशारा त्याच्या अधिकृत दस्तऐवजातच आहे. अनोळखी लोकांचा कोड तपासायचा असेल, तर ते काम वेगळ्या प्रोसेसमध्ये, वेळेची आणि मेमरीची मर्यादा घालूनच करावं.