दात-ओठ खाऊन उचललेले ओझे

ऐन हंगामात धामणगाव रेल्वेच्या बाजार समितीत पाठीवर सोयाबीनचे पोते घेऊन थप्पीच्या फळीवर पाय ठेवणारा हमाल पाहावा. त्याचा जबडा आधी आवळला जातो, मग मांडी ताठते. मराठीत ‘दात-ओठ खाणे’ हे मुख्यतः रागाचे लक्षण मानले जाते. परंतु ते श्रमाचेही आहे, हे हमालाइतके कोणास ठाऊक असणार?

जबडा आणि पाय यांचे हे नाते वैद्यकास नवे नाही. हंगेरीचे वैद्य एर्नो येंद्राशिक यांनी १८८५ साली असे दाखविले की, रुग्णाने दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून ओढली, तर गुडघ्याखाली हातोडी मारताच पायास बसणारा झटका वाढतो. दात आवळल्यानेही तेच घडते. १९९६ साली जपानी संशोधकांनी पोटरीच्या स्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया मोजली, तेव्हा चावा जितका घट्ट तितकी ती तीव्र आढळली. जबड्याला सुटलेली आज्ञा मज्जारज्जूतील पायांच्या चेतापेशींनाही जणू सावध करते. मात्र झटका वाढणे म्हणजे ताकद वाढणे नव्हे. पायांचा प्रत्यक्ष जोर मोजणाऱ्या प्रयोगांपैकी काहींत थोडी वाढ दिसली, काहींत मुळीच नाही.

अमरावतीस १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे. १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. व्यायामशाळेतला मल्लही दात आवळतो. पण त्याच्या जोरामागे खुराक असतो, विश्रांती असते. हमालाच्या जोरामागे पुढचे पोते असते. सततच्या आवळण्याने दात झिजतात, जबड्याचा सांधा दुखतो. ही झीज कोणत्याच हमालीच्या दरात धरलेली नसते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली. दोनच वर्षांनी, १९६९ साली, महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, आणि तो देशात अग्रेसर ठरला हे मान्यच करावे लागेल. त्या काळी क्विंटलभराचे पोते बाजारात नित्याचेच होते. पोते पन्नास किलोचे केले की पाठ वाचते, हे सर्वांनाच पटते. परंतु दर क्विंटलमागे असेल, तर तेवढ्याच मजुरीसाठी हमालाच्या फेऱ्या दुप्पट होतात. आणि तोच दर नगामागे कायम राहिला, तर हमालीचा खर्च दुप्पट होतो. तो व्यापाऱ्याने सोसावा की शेतकऱ्याच्या पट्टीतून कापावा, येथे येऊन बोलणी अडतात.