राजा बदलला, दान तेच

महाळुंग्याहून लोणावळ्याच्या वाटेवर कार्ल्याची लेणी आहेत. चैत्यगृहाची लांबी सुमारे 38 मीटर. हत्तींवर बसलेली स्तंभशीर्षांवरची जोडपी पाहताना मान दुखते. पण खरी गंमत भिंतीवरच्या ब्राह्मी लेखांत आहे.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिलं. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. त्यानंतरचा, बहुधा त्याचाच, आदेशही इथेच कोरलेला आहे: मामाळच्या, म्हणजे आजच्या मावळच्या, अमात्याला उद्देशून. दान केलेलं गाव? पुन्हा करजिकच! सत्ता बदलली हे डोंगरावर सगळ्यांना कळायला हवं ना.

नाशिकच्या पांडवलेण्यांत ही चढाओढ चक्क शिल्पात उतरली. नहपानाच्या घराण्याचं लेणं क्रमांक 10. त्याच्याच धर्तीवर खांब घडवलेलं क्रमांक 3 गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीत, भिक्षुसंघाला दिलं. वर लेखात मुलाच्या पराक्रमाचं भरघोस वर्णन! ओसरीखाली सहा यक्ष सगळा भार खांद्यावर पेलताना दिसतात.

सत्ता आणि बौद्ध कलेचं हे नातं इथपुरतंच नाही; कित्येक शतकांनंतर मंगोलियात तर सत्ता आणि छिन्नी एकाच घरात आली. चंगीझखानाच्या वंशातला झानाबाझार (1635-1723) तिथला सर्वोच्च बौद्ध धर्मगुरू होता, आणि उत्कृष्ट मूर्तिकारही. त्याच्या सोनेरी मुलाम्याच्या तारामूर्ती प्रसिद्ध आहेत. 1691 मध्ये खाल्खा मंगोलांनी मांचू सम्राटाचं आधिपत्य स्वीकारलं, त्यातही तो आघाडीवर होता.

कार्ल्याच्या मुख्य चैत्याचं श्रेय मात्र लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीला, एका व्यापाऱ्याला, दिलं आहे.