गायीचे आयुष्य आणि दुधाचा हिशेब

हिंदमाता चौकातून परळकडे निघाले की कापडबाजाराची गर्दी मागे पडते आणि थोड्याच अंतरावर पशुउपचाराचा एक जुना परिसर लागतो. सर दिनशा पेटिट यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचे पशुरुग्णालय येथे आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही १८८६ साली याच परळमध्ये सुरू झाले. त्याच्या अर्धशतक आधी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला होता. जीवदयेची ही दोन रूपे होत. पांजरपोळ निराधार जनावराला आसरा देतो. पशुवैद्यक ते निराधार होण्याची वेळच लांबवू शकतो. दुधाच्या बाबतीत या दुसऱ्या रूपाकडे आपले लक्ष कमी जाते.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. शहरातील तबेल्यांत नुकत्याच व्यालेल्या म्हशी बाहेरगावाहून आणल्या जात. जागा आणि चारा दोन्ही महाग. त्यामुळे दूध आटले की पुन्हा गाभण राहीपर्यंत म्हैस पोसणे परवडत नसे आणि अनेक चांगली जनावरे एका वेतानंतरच कत्तलखान्यात जात. तबेले शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली.

तरुणपणीच निवृत्ती

गाय निसर्गतः वीस वर्षांच्या आसपास जगू शकते. पाश्चात्त्य देशांतील मोठ्या दुग्धशाळांत मात्र ती सरासरी पाच-सहा वर्षांतच, साधारण तीन वेतांनंतर, कळपाबाहेर जाते. वास्तविक गायीचे दूध तिसऱ्या ते पाचव्या वेतात सर्वाधिक असते. वंध्यत्व, कासदाह आणि लंगडेपणा ही तिला काढून टाकण्याची प्रमुख कारणे आहेत. म्हणजे बहुतेक वेळा ती वयाने नव्हे, आजाराने बाद होते.

याचा हिशेब साधा आहे. समजा, कालवड छत्तीसाव्या महिन्यात प्रथम व्याली आणि दोन वेतांत १५ महिन्यांचे अंतर राहिले. तीन वेते दिल्यास तिच्या ८१ महिन्यांच्या आयुष्यापैकी ३६ महिने, म्हणजे ४४ टक्के काळ, केवळ संगोपनात जातो. तीच गाय सहा वेते देऊ शकली तर हे प्रमाण २९ टक्क्यांवर येते. संगोपनाच्या काळात चारा, पाणी आणि मजुरी खर्च होतेच. रवंथातून मिथेन वायूही बाहेर पडतो, दूध मात्र मिळत नाही. गाय अधिक वेते टिकली की तिची जागा घेण्यासाठी कमी कालवडी वाढवाव्या लागतात. शेतकऱ्याचा खर्च आणि वातावरणावरील भार दोन्ही एकाच वेळी हलके होतात.

अर्थात नुसते वय वाढून हा लाभ होत नाही. गाय निरोगी राहून वेळेवर गाभण राहिली, तरच हिशेब जुळतो. नर वासरांचा प्रश्नही यातून आपोआप सुटत नाही. त्यासाठी लिंगनिर्धारित रेतमात्रांचा मार्ग आता उपलब्ध आहे.

महाराष्ट्रातील वास्तव

आपल्या राज्यात गोहत्येस १९७६ च्या कायद्याने बंदी असून २०१५ पासून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. भाकड गाय त्यामुळे शेतकऱ्याच्या दावणीला, पांजरपोळात किंवा रस्त्यावर दिसते. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात सुमारे ५० लाख मोकाट गोवंश नोंदला गेला. पांजरपोळ कितीही वाढवले तरी अकाली भाकड होणाऱ्या गायींची रांग थांबत नसेल, तर जागा आणि निधी अपुरेच पडणार.

ही रांग थांबवण्याचे उपाय गोठ्यातच आहेत. दावणीऐवजी मुक्त संचार गोठा, कोरडी बसण्याची जागा, दूध काढताना कासेची स्वच्छता, खुरांची नियमित छाटणी, खनिज मिश्रण, माजाची वेळेवर ओळख आणि विण्यापूर्वी सुमारे ६० दिवस दूध आटवून विश्रांती. उष्णतेने थकणाऱ्या होल्स्टीन संकरित गायींना सावली आणि गारवा अधिक लागतो. गीर किंवा मराठवाड्याची देवणी या हवेत सहज रुळते, मात्र दूध कमी देते. निवड करताना पहिल्या वेताच्या दुधाबरोबर आयुष्यभराच्या दुधाचाही विचार व्हावा.

पांजरपोळाला दिलेले दान गायीच्या अखेरच्या वर्षांना आधार देते, आणि ते चालूच राहिले पाहिजे. त्याच दानातील एक वाटा गावोगावच्या लसीकरण शिबिरांना, फिरत्या पशुवैद्यकीय पथकांना आणि वंध्यत्व तपासणीला मिळाला, तर चौथ्या वेताच्या गायीला पांजरपोळाची वाट धरावी लागणार नाही. पर्युषणात दानाचा संकल्प करताना कुटुंबांनी आणि संघांनी हा वाटा अवश्य वेगळा काढावा.