सीसीची मर्यादा आणि शक्तीची मर्यादा

मोटोक्रॉसमध्ये (मातीच्या खडबडीत, उड्यांच्या ट्रॅकवरची शर्यत) गाड्यांची शक्ती कमी करावी असं कुणी सुचवलं, की ‘मग शर्यत कसली?’ असा प्रश्न येतो. शिवाय अनेकांना वाटतं, सीसीनुसार गट आहेतच. वेगळी मर्यादा कशाला?

सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरचं आकारमान. तेवढ्याच सीसीतून शक्ती कमी-जास्त काढता येते. जागतिक स्पर्धेच्या वरच्या गटातली ४५० सीसीची गाडी सुमारे ११० किलोची, पण शक्ती ५० अश्वशक्तीच्या वर. शक्तीला मर्यादा घालायची तर रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणाऱ्या हवेची वाट अरुंद करणारी चकती) बसवतात, किंवा इंजिनाच्या संगणकातून फेऱ्यांवर मर्यादा घालतात.

याने शर्यत मंदावते, हा समज मात्र अर्धाच खरा. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरला जास्त रेस दिली, तर चाक जागच्या जागी गरगरतं आणि खड्डा वाढतो. मातीवरही तसंच: पकड संपली की वरची शक्ती वाया जाते. वळणांत फरक थोडा पडतो. खरा पडतो तो सरळ पट्ट्यात आणि उडीआधीच्या धावेत. आरंभी तब्बल ४० स्वार एकाच वळणाकडे झेपावतात, तिथे थोडा कमी वेगही सुरक्षिततेसाठी मोलाचा. शिवाय महागड्या इंजिनाचा फायदा घटल्याने स्वार जवळजवळ राहतात.

पडणं यामुळे थांबत नाही. उड्यांची उंची तीच ठेवून नुसती शक्ती छाटली, तर स्वार उतरणीपर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून ट्रॅकही सोबत बदलावा लागतो.