टर्मिनलमधील आदानदोष, युनिक्स

युनिक्स वा तत्सम संगणकप्रणालीच्या टर्मिनल खिडकीत टंकलिखित अक्षरे न उमटणे, भलतीच चिन्हे उमटणे अथवा खिडकी निश्चेष्ट भासणे, या प्रकारांना आदानदोष म्हणतात. अशा वेळी कळफलक नादुरुस्त समजून खिडकी बंद केली जाते व न साठविलेले काम नष्ट होते. वस्तुतः यांतील बरेच दोष यांत्रिक नसून योजनेतील असतात.

युनिक्सचा विकास 1969 पासून अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी केला. त्या काळी टर्मिनल म्हणून दूरमुद्रक वापरीत. आजची खिडकी ही अशा उपकरणांचीच प्रतिकृती होय. कळ दाबली असता संकेतांक निर्माण होतो. तो प्रथम प्रणालीच्या गाभ्यातील एका मध्यस्थ स्तराकडे जातो. सामान्य स्थितीत हा स्तर ओळ पूर्ण होईपर्यंत अक्षरे राखून ठेवतो, खोडलेली अक्षरे वगळतो आणि प्रत्येक अक्षराचा प्रतिध्वनी पडद्यावर पाठवितो.

‘कंट्रोल’ कळीसह अक्षर दाबल्यास त्याच्या संकेतांकातून 64 वजा होतात. ‘एस’चा संकेतांक 83 असल्याने 19 मिळतो व त्याने पडद्याकडील प्रदान थांबते, ‘क्यू’पासून मिळणाऱ्या 17 ने ते पुन्हा सुरू होते. म्हणून खिडकी गोठल्यास प्रथम कंट्रोल–क्यू दाबून पाहावे. प्रदान थांबले असतानाही टंकलेखन स्वीकारले जाते. त्यामुळे दरम्यान अधीरपणे दाबलेल्या कळी आज्ञा म्हणून अंमलात येऊ शकतात.

परवलीचा शब्द घेताना प्रतिध्वनी हेतुतः बंद ठेवतात. तो दोष नव्हे. परंतु अशी आज्ञावली मध्येच बंद पडल्यास प्रतिध्वनी बंदच राहतो. अक्षरे न दिसली, तरी आज्ञा स्वीकारल्या जातात. आज्ञा देण्याच्या स्थितीत ‘एसटीटीवाय सेन’ ही आज्ञा (रोमन लिपीत) न पाहता टंकलिखित केली असता मूळ योजना परत येते. ‘एंटर’ कळ निष्फळ ठरल्यास तिच्याऐवजी कंट्रोल–जे वापरावे; कारण एंटरचा 13 हा संकेतांक ओळसमाप्तीच्या 10 मध्ये बदलण्याची योजना बंद पडलेली असू शकते.

खोडण्याची कळ काही खिडक्यांत 8, तर काहींत 127 हा संकेतांक पाठविते. (छिद्रित कागदी फितीवर सातही छिद्रे पाडून अक्षर रद्द करीत, 127 हे त्याचेच द्योतक.) मध्यस्थ स्तराची अपेक्षा वेगळी असल्यास अक्षर खोडले न जाता चिन्हे उमटतात. ‘एसटीटीवाय इरेज’ यापुढे तीच कळ दाबून मेळ घालता येतो.

1992 मध्ये निर्माण झालेल्या यूटीएफ–8 संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटांचे असते. मध्यस्थ स्तरास याची जाणीव करून दिलेली नसल्यास खोडताना एकच बाइट जातो व उर्वरित दोन आज्ञेत अदृश्यपणे राहून ती निष्फळ करतात. ‘का’ हे अक्षर तर ‘क’ व काना अशा दोन चिन्हांचे, म्हणजे 6 बाइटांचे असते.

निदान करताना क्रम पाळणे हिताचे असते : प्रथम प्रदान मोकळे करावे, नंतर योजना पूर्ववत करावी. चालू आज्ञावली थांबविणारे कंट्रोल–सी त्यानंतरच वापरावे. खिडकी बंद करणे हा अखेरचा उपाय होय.