नॅनोकण धमनी ‘साफ’ करतात का?

नॅनोकण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण. रक्तातील तांबडी पेशीच सुमारे ७,००० नॅनोमीटर रुंद असते. धमनीविकारात या कणांची कामे दोन : चरबीचा साठा दाखवणे आणि औषध नेमक्या जागी नेणे.

नळात साचलेल्या गाळासारखे ब्लॉकेज हे कण खरवडून काढतात, हा सर्वांत रुजलेला गैरसमज. हा साठा मुळात पोकळीत नसतोच. तो अस्तराखाली, धमनीच्या भिंतीत मुरलेला असतो. सुरतच्या कन्सेप्ट मेडिकल कंपनीचा ‘मॅजिकटच’ फुगा पाहिला की कणांचे खरे काम कळते. अँजिओप्लास्टीत वाट मोकळी होते ती फुग्याच्या दाबाने. पण ताणलेल्या भिंतीतील स्नायूपेशी वाढून धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते. म्हणून या फुग्यावर सिरोलिमस हे औषध फॉस्फोलिपिडच्या सूक्ष्म कणांत भरून लावलेले असते. फुगा फुगताच कण भिंतीत शिरतात आणि औषध पेशींची वाढ रोखते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये या फुग्याला ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. ती विक्रीची परवानगी नव्हे. त्या दर्जाने फक्त तपासणीची वाट जलद होते.

कण पोचले म्हणजे गुण आलाच, असेही नाही. नेदरलँड्समधील २०१५ च्या एका चाचणीत प्रेडनिसोलोन हे दाहशामक औषध भरलेले लायपोसोम (चरबीचे सूक्ष्म कण) साठ्यातील पेशींपर्यंत पोचले, दाह मात्र कमी झाला नाही. आयुर्वेदातील सुवर्णभस्मातही नॅनो आकाराचे कण आढळले आहेत. त्याने धमनीतील साठा घटतो, हे सिद्ध झालेले नाही.

निदानासाठी लोहऑक्साइडचे कण वापरून पाहिले गेले आहेत. दाहक पेशी ते गिळतात आणि एमआरआयमध्ये ती जागा काळी दिसते. हे अजून संशोधनापुरतेच आहे.

म्हणून नॅनोतंत्र परदेशी प्रयोगशाळांतच असते, असे मात्र नव्हे. मुंबईत डिलाईल रोडवरच्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीवरची गुलाबी रेघ बहुधा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. हृदयस्नायूतील ट्रोपोनिन या प्रथिनाच्या अनेक झटपट चाचण्यांतही हेच तंत्र असते. पण ट्रोपोनिन हृदयस्नायूची इजा सांगते, ब्लॉकेज नव्हे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पहिल्या काही तासांत रेघ उमटतेच असेही नाही. छातीत दाब येऊन घाम फुटला, तर पट्टीची वाट न पाहता परळचे केईएम किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.