वर बाबासाहेब, खाली गायन पार्टी

१९७९ साली जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा ‘अननोन प्लेझर्स’ आला, तेव्हा पुढच्या बाजूला ना बँडचं नाव होतं, ना अल्बमचं. काळ्या पार्श्वभूमीवर एका पल्सार ताऱ्याच्या रेडिओलहरींचा आलेख, बस्स. पीटर सॅव्हिलच्या त्या कव्हरने बँडभोवती गूढ उभं केलं आणि पुढच्या कित्येक इंडी बँडांनी तोच कित्ता गिरवला: चेहरा लपवा, लोक शोधत येतील.

नागपूरच्या भीमगीतांच्या कव्हरांनी नेमकी उलटी वाट धरली. तिथे काहीच लपवायचं नव्हतं.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या आसपास पुस्तकं, मूर्ती, कॅलेंडरं यांच्या रांगेत कॅसेटही मांडलेल्या असत. पुढे सीडी आल्या, मग पेन ड्राइव्ह. कॅसेटच्या डबीची पुढची बाजू जेमतेम दहा सेंटिमीटर लांब आणि साडेसहा रुंद. तेवढ्या जागेत निळ्या सुटातले, लाल टायचे बाबासाहेब, खिशाला पेन, हातात संविधान. मागे बुद्धाचं प्रभामंडळ किंवा सूर्यकिरणं. आणि खाली, तळाला, ब्लेझर घातलेले गायक-गायिका. फोटोच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या, केस मात्र नीट विंचरलेले. पिवळ्या-लाल ठसठशीत अक्षरांत नाव. कोपऱ्यात दीक्षाभूमीचा स्तूप दिसला तर साल ताडायलाही मदत होते: शिवदानमल यांनी आराखडा केलेली ही वास्तू पूर्ण होऊन तिचं उद्घाटन झालं ते २००१ मध्ये.

कलाशाळेत शिकलेला माणूस या गर्दीला नाक मुरडेल. मला तिच्यात पक्की शिस्त दिसते. कोण मोठं, कोण लहान, हे आधीच ठरलेलं असतं. गायन पार्टी आपली ओळख ‘आम्ही कोण’ अशी सांगत नाही, ‘आम्ही कोणाचे’ अशी सांगते. प्रल्हाद शिंदे यांचंच पाहा. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं दोन्ही त्यांच्या गळ्यातून घरोघरी गेली. आवाज एकच, पण एका कव्हरवर विठ्ठल, दुसऱ्यावर बाबासाहेब. दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला कुठली कॅसेट घ्यायची, हे गायकाच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही.

रंगाचंही तसंच. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना जुलै १९४२ मध्ये नागपुरातच झाली आणि तिच्या झेंड्याचा निळा रंग चळवळीचा झाला. तो कव्हरवर आला तेव्हा कुणा डिझायनरने तक्त्यावरून निवडला नव्हता. सुटाचा अर्थही सगळ्यांना ठाऊक होता: ज्यांना अंगभर कपडा नाकारला गेला त्यांचा नेता कडक इस्त्रीत उभा आहे. मग तळाचा गायकही ब्लेझर घालणारच. नागोराव पाटणकरांसारख्या नागपुरी कव्वालांच्या परंपरेत कव्वालीचे रात्ररात्र सामने रंगायचे. मंचावर उभं राहायचं ते नीटनेटकंच.

पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात दाखवलं, की कॅसेटमुळे ध्वनिमुद्रण बड्या कंपन्यांच्या मुठीतून सुटून छोट्या निर्मात्यांकडे गेलं. कव्हरही सुटलं. जयंतीचा फ्लेक्स करणाऱ्या हाताला कॅसेटचं कव्हर परकं वाटत नव्हतं, आणि दोन्हींची मांडणी सारखी दिसते ती उगाच नाही.

नव्या पिढीने ही चित्रभाषा टाकलेली नाही, हलकी केली आहे. मुंबईच्या ‘धम्म विंग्ज’ या बँडने गिटार-ड्रम्स घेऊन आंबेडकरी रॉक उभा केला. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या बँडचे कलाकार एकसारखे सूट घालून मंचावर आले, बाबासाहेबांचं चित्र नसतानाही सूट ओळखू आला. अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडी बोलीत रॅप करतो. आता कव्हर म्हणजे फोनवरचा नखाएवढा चौकोन. त्यात स्तूप, बुद्ध, संविधान आणि पाच गायक मावत नाहीत. निळा रंग मावतो, एखादा चष्मा मावतो, आणि तेवढ्याने काम भागतं.

या आटोपशीरपणात एक गोष्ट मात्र गळाली, आणि ती मला खटकते. जुन्या कव्हरवर, कितीही बारीक अक्षरांत का होईना, ‘गीतकार’ अशी ओळ असायची. लोककवी वामनदादा कर्डकांच्या परंपरेत ती ओळ शोभेची नव्हती. श्रोता कवीचं नाव वाचून कॅसेट उचलायचा. आज ते नाव शोधायला दोन-तीनदा बोट दाबावं लागतं, आणि पुष्कळदा तिथेही सापडत नाही. नव्या बँडांनी निळा घेतला, सूट घेतला. ही ओळही परत घ्यायला जागा फार लागणार नाही.